'येई, बसे, जाई' हे चित्रात कसं काढायचं? (लघुकथेवरून मुलांसाठी अ‍ॅनिमेशनपट)

वल्हं:

माझ्या मावशीने लिहिलेल्या एका लघुकथेवरून आम्ही चौघं मिळून मुलांसाठी ११ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करतोय. मावशी आता नाही. कथा जेमतेम ९ पानांची. शाळेत असल्यापासून मी ती इतक्यांदा वाचलीय की काही वाक्यं मला तिच्याच आवाजात ऐकू येतात. पटकथेचे तीन खर्डे झाले आणि तिन्ही एकाच जागी अडकले, म्हणून इथे विचारतेय.

कथा अशी. एक मुलगी रोज नावेतून नदी ओलांडून शाळेत जाते. नावाडीकाका म्हातारे आहेत, फार बोलत नाहीत. वल्हं पाण्याबाहेर आलं की पात्यावरून थेंब गळतात, ते ही मुलगी मोजते. कधी सात, कधी नऊ. उतरताना ती आकडा सांगते, काका मान हलवतात. दोघांचं नातं एवढंच. मग नदीवर पूल होतो. पहिल्याच दिवशी ती बाकीच्या मुलांबरोबर पुलावरून धावत जाते आणि येतानाही पुलावरूनच येते. काकांना तिने काही सांगितलेलं नसतं. कथा सांगणारी ती मुलगी आता मोठी बाई झालीय, आणि अगदी शेवटी ती एवढंच म्हणते की त्या दिवशी मी पुलावरून खाली पाहिलं नाही.

आता अडचण. मावशीने जवळजवळ सगळी कथा रीती भूतकाळात लिहिलीय. काका येत, दोर सोडत, मी पुढच्या फळीवर बसे, थेंब मोजी. नऊपैकी सहा पानं अशीच जातात. 'एके दिवशी' हे शब्द थेट सातव्या पानावर येतात आणि तिथे क्रियापद बदलतं: 'मी धावले.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला व्याकरण कळत नव्हतं, पण त्या 'धावले'पाशी काहीतरी तुटलं हे कळलं होतं.

पडद्याला हा काळच नाही. तिथे जे दिसतं ते आत्ता घडतं आणि एकदाच घडतं. मी नाव दाखवली की ती 'गेली' असं होतं, 'जाई' असं होत नाही. पहिल्या खर्ड्यात सगळं निवेदनात घातलं, तर कुणीतरी पुस्तक वाचतंय आणि आपण चित्रं उलटतोय असं वाटलं. दुसऱ्यात ऊन, पाऊस, धुकं, पुन्हा ऊन अशी तीन-तीन सेकंदांची दृश्यं आणि मागे संगीत. दिसायला देखणं, पण आतून रिकामं. तिसऱ्यात एकच दिवस नीट, सावकाश दाखवला. मग पूल आल्यावर काही गमावल्यासारखंच वाटेना. एका दिवसाची ओळख, ती तुटली तर किती तुटणार?

दुसरा प्रश्न शेवटाचा. ज्यांना पटकथा वाचायला दिली त्यांतल्या दोघांचं म्हणणं आहे की शेवटी मुलीने काकांना भेटायला जायला हवं, मुलांचा सिनेमा आहे. मला ते पटत नाही. पण मावशीवरच्या मायेने पटत नाही, की खरंच चूक आहे म्हणून, हे माझं मलाच सांगता येत नाहीये.

कथाघर:

निवेदन इतक्या लवकर सोडू नका. फ्रेडरिक बाक यांचा १९८७चा 'झाडं लावणारा माणूस' पाहा. जाँ जिओनो यांच्या १९५३च्या कथेवरचा, साधारण ३० मिनिटांचा, ऑस्कर मिळालेला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज कथा सांगतो आणि तरी पुस्तक वाचून दाखवल्यासारखं होत नाही. ही कथा १९१३मध्ये सुरू होऊन १९४७पर्यंत जाते, मध्ये दोन महायुद्धं येऊन जातात आणि तो मेंढपाळ आपला रोज बिया निवडतोय, पेरतोय. म्हणजे तुमचाच 'पेरी, जाई' की!

बाकनी काय केलं, तर काळ आवाजाकडे सोपवला आणि चित्रांना मोकळं सोडलं. एक चित्र हलत हलत दुसऱ्यात मिसळतं, त्यामुळे 'हे अमुक दिवशी घडलं' असा ठसाच उमटत नाही. तुमच्या पहिल्या खर्ड्यात आवाज जे सांगतोय तेच चित्रही दाखवत असणार. निवेदनाची कथा बहुतेक वेळा तिथेच मरते.

वल्हं:

अगदी बरोबर पकडलंत, तसंच झालंय. 'मी फळीवर बसे' आणि चित्रात मुलगी फळीवर बसलेली.

पण मला आणखी एक गोष्ट टोचतेय. जिओनोच्या कथेतला सांगणारा दुसऱ्या कुणाबद्दल सांगतोय. आमच्या कथेत जी सांगतेय तिच्याच हातून ते घडलंय. वाचताना त्या 'मी'ला वय नसतं. ती आठ वर्षांची वाटते, आणि शेवटच्या परिच्छेदात हळूच कळतं की ही बाई आहे, आणि हे सगळं तिने इतकी वर्षं जवळ ठेवलंय. आवाजाचं वय मात्र पहिल्या शब्दाला कळतं. मोठ्या बाईचा आवाज आला की मुलांना कळणार, हे सगळं संपून गेलेलं आहे. लहान मुलीचा आवाज घेतला तर शेवट तिच्या तोंडी शोभणार नाही.

पाणकावळा:

धागा मनापासून आवडला. 'मी बसे' असं आता कोणी बोलत नाही, लिहिण्यातूनही कमी होत चाललंय. कथेत वाचलं की आजीच्या घरात शिरल्यासारखं होतं.

पेगबार:

मी बरीच वर्षं हाताने चित्रं काढून अ‍ॅनिमेशन करतोय. तुम्ही जे शोधताय ते आम्ही लोक रोज वापरतो, फक्त काम वाचवायला वापरतो. सायकल, म्हणजे तीच चित्रं पुन्हा पुन्हा फिरवणं.

आधी हिशेब बघा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेमना धरायचं म्हटलं तर सेकंदाला १२ चित्रं. तुमच्या ११ मिनिटांची ७,९२० होतात, तीही एका वेळी एकच गोष्ट हलतेय असं धरून. चौघांना जड आहे. म्हणून चालणं, धावणं, वल्हवणं यांची एक फेरी काढायची, शेवटचं चित्र पहिल्याला जोडायचं आणि फिरवत राहायचं. वल्ह्याचा एक फेरा ४ सेकंदांचा धरला तर ४८ चित्रं. त्या ४८ चित्रांवर काका जन्मभर नाव वल्हवतील.

आता तुमच्या व्याकरणाकडे या. तीच चित्रं, तीच चौकट, कॅमेरा त्याच जागी, नाव डावीकडून उजवीकडे. पहिल्या खेपेला पूर्ण दाखवा. दुसऱ्या खेपेलाही पूर्ण, घाई करू नका. तिसऱ्यांदा नाव चौकटीत शिरली की बघणाऱ्याच्या मनात आपोआप 'रोजच्यासारखी' येतं. तुमचा 'जाई' तिथे झाला. तो कुणी सांगावा लागला नाही.

तुमची ऋतूंची मालिका का फसली तेही यातच आहे. तिथे दर तीन सेकंदांनी नवीन काहीतरी आलं, म्हणून डोळा नव्याकडेच धावत राहिला. रोजचेपण दाखवायचं तर बहुतेक सगळं तेच राहिलं पाहिजे आणि एखादीच गोष्ट सरकली पाहिजे. पहिल्या खेपेला मुलीचे पाय तळाच्या फळीला टेकत नाहीत, चौथ्या खेपेला टेकतात. तीन वर्षं गेली.

आणि सातव्या पानावर सायकल तोडा. पुलावरच्या धावण्यात एकही चित्र पुन्हा वापरायचं नाही, प्रत्येक पाऊल नवीन काढायचं, हवं तर सेकंदाला २४. मेहनत तिथे ओता. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण 'धावले' कळेल.

एक धोका: नुसती फिरवलेली सायकल यंत्रासारखी दिसू लागते. थेंब वेगळ्या थरावर काढा आणि दर खेपेला नवे काढा, आकडा तर बदलतोच आहे. ते मोजता यायला हवेत हे मात्र बघा. दोन थेंबांत अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर ठेवलंत तर सहा-सात वर्षांच्या मुलाला मोजणं जड जाईल. म्हणजे सात थेंबांना साडेतीन सेकंद, नऊ असतील तर साडेचार. तेवढा वेळ वल्हं हवेत धरावं लागेल, म्हणजे चारचा फेरा आठ सेकंदांचा होईल. त्यातला निम्मा काळ काका तसेच स्थिर, म्हणून चित्रं मात्र फारशी वाढणार नाहीत. आता हे मुद्दाम लिहितो, कारण टाइमिंग लावून बघताना मीच थांबलो: कुठलाही नावाडी इतका वेळ वल्हं पाण्याबाहेर धरत नाही. नाव थांबेल, वाहून जाईल. म्हणजे तुमचे काका ते तिच्यासाठी धरतायत.

वल्हं:

तुमचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा कथा काढली. मावशीने हे कुठेही लिहिलेलं नाही. फक्त एका ठिकाणी आहे की 'पलीकडे पोचायला फार वेळ लागे, पण मला तो हवासा वाटे.' फार वेळ लागे! इतकी वर्षं मला वाटायचं नदी रुंद आहे.

बाकी तिघांनाही वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. आता हे ठेवणारच. मुलीला ते कधी कळल्याचं दाखवणार नाही. बघणाऱ्याला कळलं तर कळू दे.

कानोसा:

ध्वनीचं काम करतो, त्यामुळे त्या बाजूने दोन गोष्टी.

थेंबांचा आवाज चित्रं झाल्यावर लावायचं मनात असेल तर तसं करू नका. आधी तात्पुरता आवाज बनवा, त्याच्या लयीवर अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांचा वेळ लावलेला आराखडा, बांधा, मग पक्की चित्रं. तुमच्या सिनेमात ताल आहे तो थेंबांचा. प्रत्येक थेंब किंचित वेगळा वाजायला हवा. तोच आवाज सात वेळा चिकटवला तर कान लगेच ओळखतो. शेवटचा थेंब थोडा उशिरा पडू द्या. मुलगी आकडा सांगायला तोंड उघडते आणि तेवढ्यात अजून एक पडतो, अशी एखादी खेप घ्या.

नाव चालू असताना संगीत नको. मोजणाऱ्याच्या कानाशी कुणी गाऊ नये. आणि मुलगी मोजते ते ओठांनी दाखवू नका, बोटांनी मोजू दे. ओठ आले की ओठांना शब्द जुळवायचं काम आलं, आणि उद्या दुसऱ्या भाषेत करायचं ठरलं तर ते सगळं पुन्हा. बोटांना भाषा जुळवावी लागत नाही.

तिसरी_ब:

शेवटाबद्दल लिहिते. मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते.

मुलांना पश्चात्ताप कळत नाही असं आपण समजतो. माझ्या वर्गात दर वर्षी हे घडतं: दोन मुली वर्षभर एका बाकावर बसतात, मग तिसरी नवीन मुलगी येते आणि एक जण उठून तिच्याकडे जाते. भांडण नाही, काही नाही. उठून गेलेली मुलगी पुढचे काही दिवस त्या जुन्या बाकाकडे बघायचं टाळते. वाट वाकडी करून, फळ्याच्या बाजूने जाते. तुमची 'खाली पाहिलं नाही' ही ओळ वाचली आणि मला तीच वाट आठवली. तिला ते नीट कळतं. त्याला शब्द नाहीत तिच्याकडे, आणि मोठी माणसं तिला तो विषय काढूच देत नाहीत कारण 'काही झालंच नाहीये ना'.

म्हणून शेवटी भेट घालू नका असं मी आग्रहाने सांगेन. भेट झाली, काका हसले, की माझ्या वर्गातली ती मुलगी पुन्हा एकटी पडली. तिच्या बाबतीत तर कुणी हसलेलं नसतं.

पाणकावळा:

मी थोडा वेगळ्या मताचा आहे, तेही लिहितो. माझी मुलगी सहा वर्षांची. दुःखी शेवटाच्या एका फिल्मनंतर ती दोन रात्री झोपली नव्हती. लहान मुलाला दुःख दाखवायला माझी हरकत नाही, पण मग त्याला हातात काहीतरी देऊन पाठवा. ११ मिनिटं आपण त्याला त्या नावेत बसवलं, आता त्याला काठावर तसंच सोडून जायचं का?

कथाघर:

पाणकावळा, तुमच्या या 'हातात काहीतरी'वरून १९८२चा 'स्नोमॅन' आठवला. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८च्या शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरचा, २६ मिनिटांचा. पुस्तकाच्या शेवटी बर्फाचा माणूस वितळतो, फिल्मच्याही शेवटी वितळतो. ते कुणी बदललं नाही. पण फिल्मवाल्यांनी एक भर घातली: आदल्या रात्री मिळालेला मफलर मुलाला आपल्या खिशात सापडतो. पुस्तकात तो नाही. गेलेला माणूस परत येत नाही, पण जे घडलं ते खरं होतं एवढं मुलाच्या हातात राहतं. मुलं ती फिल्म चाळीसहून अधिक वर्षं बघतायत.

शेवट न बदलता खिशात काय ठेवता येईल, हा विचार करून बघा.

तिसरी_ब:

हे मला पटलं. आकडा ठेवा. तिला मोजायची सवय लागलीय, ती पूल आल्यावर कुठे जाईल?

शाईपेन:

विषय बदलतोय, पण कुणीतरी विचारायला हवं. वारसांची लेखी परवानगी घेतलीय का? घरातलं माणूस म्हणून तोंडी होकारावर राहू नका. कथा छापायचा हक्क आणि तिच्यावरून चित्रपट करायचा हक्क वेगळे असतात. प्रकाशकाबरोबरचा जुना करार असला तर तोही वाचा. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, भारतात ६०, बऱ्याच देशांत ७०. आणि भारतीय कायद्याखाली हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांचीच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अ‍ॅनिमेशनला लागणारा वेळ बघता मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

वल्हं:

धन्यवाद शाईपेन. मावसभावाचं पत्र आहे, पण त्यात मुदत नाही. या आठवड्यात नीट करून घेते.

आता शेवटाचं एक कोडं. 'मी खाली पाहिलं नाही' हे दाखवायचं कसं? मुलगी पुलावर आणि खाली काका नावेत बसून वर बघतायत, असं आमच्यातल्या एकाने काढलं. चित्र इतकं सुंदर झालंय की काढून टाकवत नाही. पण ते खोटं आहे. तिने पाहिलंच नाही, म्हणजे काका तिथे होते की नव्हते हे तिला माहीत नाही. आयुष्यभर माहीत नाही. कथेतला सल तोच आहे. आम्ही काकांना दाखवलं तर तिला जे कधीच कळलं नाही ते बघणाऱ्याला फुकट दिल्यासारखं होतं. न दाखवता फक्त तिचा चेहरा ठेवला तर खाली काही होतं हेच मुलांच्या लक्षात राहणार नाही.

धुकं घालावं असंही डोक्यात आलं. मग पुलाखाली काय आहे ते कुणालाच दिसणार नाही.

पेगबार:

धुकं तिथे सुटका होईल, घालू नका. तुमच्या मधल्या एखाद्या खेपेला मात्र जरूर घाला. युरी नॉरश्टाइन यांनी १९७५च्या 'धुक्यातला साळू'मध्ये धुकं केलं ते अगदी पातळ कागद चित्रावर ठेवून, तो फ्रेमगणिक थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत. कागद जितका वर, तितकं खालचं चित्र पुसट. तीही लघुकथाच, सेर्गेई कोझ्लोव्ह यांची, आणि १० मिनिटांची फिल्म. तुमच्याजवळ चित्रं वरून टिपणारा कॅमेरा स्टँड नसला तरी एका पारदर्शक थराने संगणकावर तोच परिणाम साधतो.

पुलाच्या दृश्याला कॅमेरा हलवूच नका. ज्या चौकटीत पाच वेळा नाव गेली तीच चौकट. फक्त आता वरच्या भागात पूल आहे, त्यावरून मुलं धावतायत. खालचा सगळा भाग पाणी. मुलीने खाली बघायचं नाही, बघणारे बघतील. पाच खेपा त्यांच्या डोळ्यांना तीच जागा शिकवलीय तुम्ही.

कानोसा:

वा. आणि धावणाऱ्या पावलांचा आवाज खालून, पाण्याजवळून ऐकू येतो तसा ठेवा. लाकडी फळ्यांवरची पावलं खाली घुमतात. कान खाली, मुलगी वर.

वल्हं:

बरेच दिवस गायब होते, अ‍ॅनिमॅटिक करत होतो. कच्ची पेन्सिल चित्रं, तात्पुरता आवाज, पूर्ण ११ मिनिटं. निवेदन पूर्ण काढलं. मावशीचं एकच वाक्य ठेवलंय, सगळ्यात शेवटी, अंधारावर, बाईच्या आवाजात: 'त्या दिवशी मी खाली पाहिलं नाही.' आवाजाचं वय तिथे पहिल्यांदा कळतं, कथेतल्यासारखंच.

तिसरी_ब यांनी सुचवलेला आकडाही आहे. पुलावरून परत येताना पाऊस पडून गेलेला असतो, कठड्यावरून थेंब गळत असतात. मुलगी थांबते, तिची बोटं एक, दोन, तीनपर्यंत जातात आणि मग ती मूठ मिटते. हे कथेत नाही. मावसभावाला आधी विचारलं, तो म्हणाला राहू दे.

काल सहा ते दहा वयाच्या अकरा मुलांना दाखवलं. 'आवडलं का' असं विचारायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण मोठ्यांनी विचारलं की मुलं हो म्हणतात. आम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसलो.

पहिल्या खेपेला दोघांची चुळबुळ. दुसऱ्या खेपेला एक मुलगा पुटपुटत मोजायला लागला, तिसरीला जवळजवळ सगळे, मोठ्याने, आणि उशिरा पडणाऱ्या थेंबाला ओरडाआरडा. चौथी खेप आम्ही कापणार होतो, आता नाही कापणार. पुलाचं दृश्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलांचे डोळे मी बघत होते. वर मुलं धावतायत, सगळी हालचाल वर आहे, आणि त्यांचे डोळे खाली गेले. काही जण आधी वर बघून मग खाली. एक मुलगी पडद्याच्या डाव्या टोकाकडे बघत राहिली, जिथून नाव शिरते.

नंतर त्यांना गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावली. सात वर्षांचा एक जण म्हणाला, 'काका हळू हळू वल्हवायचे कारण तिचं मोजून व्हायला पाहिजे.' कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाला, 'दिसतंय ना.'

रडलं कुणी नाही. दोघांनी विचारलं की काका कुठे गेले. आम्ही म्हटलं, आम्हाला माहीत नाही. पाणकावळा, तुमचा प्रश्न मनात होता, म्हणून त्या दोघांच्या आईवडिलांना आज सकाळी विचारलं. शांत झोपले. एकाने अंघोळीच्या वेळी तांब्यातून गळणारे थेंब मोजले म्हणे.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. पुलाच्या दृश्यात, पावलं लांब गेल्यावर तीन सेकंद नुसतं पाणी आहे. तिथे आवाज काय ठेवू? आत्ता पूर्ण शांतता आहे आणि ती जरा सजवल्यासारखी वाटते.

पाणकावळा:

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तांब्यातले थेंब वाचून माझी हरकत मागे घेतो. झाली की माझ्या मुलीला दाखवेन, शेजारी बसून.

कानोसा:

शांतता काढा. नदीचा आवाज पाचही खेपांमध्ये होता ना? तोच ठेवा, तेवढाच. वल्ह्याचा नको.